मावशीला मिळालेला शब्द

माझ्या धाकट्या मावशीने उभ्या आयुष्यात एकदाच निवांत पाठ टेकली असेल, तीही जन्मल्यावर, नाइलाजाने. थेरगावातल्या तिच्या घरात चहा ती फिरता फिरता पिते. मालिका बघताना मेथी निवडते, आणि मेथी संपली तर शेजारणीची मागून आणते. एकदा डॉक्टरांनी आठवडाभर विश्रांती सांगितली, तर तिने बसल्या बसल्या तीन स्वेटर विणले आणि डॉक्टरांच्या नातवाचं माप मागवलं. चाकणच्या एका कारखान्यात ती गाड्यांच्या वायरी तपासते. प्रत्येक जोड ओढून बघायचा, सुटला तर परत पाठवायचा. गेल्या वर्षी कंपनीने तिला प्रशस्तिपत्र दिलं. त्यावर तिच्या नावाखाली इंग्रजीत एकच शब्द होता, 'रिलेंटलेस'. म्हणजे न थांबणारी, असं साहेबांनी सांगितलं आणि टाळ्या वाजल्या. मावशीने घरी येऊन मोबाइलमध्ये बघितलं, तर तिथे आधी 'निर्दय' आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माझ्या दारात उभी. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते.

"खरं सांग, मी निर्दय आहे का?"

"अगं, कौतुक केलंय तुझं," मी म्हटलं. पण तिला कौतुक नको होतं, शब्दाचं मूळ हवं होतं. शेवटी मी जाडा कोश काढला. मुळात लॅटिन शब्द, अर्थ लवचीक, मऊ. त्यावरून 'रिलेंट' म्हणजे विरघळणं, नरम पडणं. 'लेस' लागलं की कधीच नरम न पडणारी, आणि म्हणून न थांबणारी.

मावशीने कोशातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कंपनीच्या बसमध्ये रोज तिच्या शेजारी बसणारी तिची मैत्रीण शोभा, तिचे जोड मावशी महिनाभर परत पाठवत होती. शोभाची नोकरी अजून कच्ची होती. आता ती मावशीशी बोलत नव्हती.

"सैल जोड मी पास करणार नाही," मावशी म्हणाली. "पण सैल का होतोय, ते तिला विचारायला पायजे होतं."

त्याच दिवशी विचारलं. शोभाला जवळचं दिसत नव्हतं, आणि चष्मा लावला तर कामावरून काढतील अशी तिला धास्ती होती. मावशीने तिला जवळजवळ ओढतच चष्म्याच्या दुकानात नेलं. मग पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत समोर बसवून जोड करून घेतले. तिथेही सवलत नाही. "सुटला. पुन्हा कर." शोभा चिडली, भांडली, एकदा रडलीसुद्धा, पण हात बसला आणि नोकरी टिकली.

यंदा शोभाच्या नवऱ्याने परभणीला दुकान टाकलं, म्हणून ती तिकडे गेली. बसमध्ये मावशीच्या शेजारी आता एक नवी मुलगी बसते.

"गुणी आहे गं," मावशी म्हणते, "पण माझ्याशी भांडत नाही."