एका दाताचं चुकलेलं टायमिंग

माझे सासरे सातपूरच्या एका कारखान्यात इंजिन जोडायच्या कामाला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोनच गोष्टी जिवापाड सांभाळल्या. एक म्हणजे दारातली जुनी पेट्रोल गाडी, आणि दुसरी म्हणजे भाऊबीजेला त्याच गाडीनं सटाण्याला मोठ्या बहिणीकडे जायचा शिरस्ता. बहीण त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे तिनंच त्यांना वाढवलेलं. एसटीनं गेलेलं तिला चालत नसे. गाडीचा हॉर्न गल्लीच्या तोंडाशी वाजला पाहिजे, मग ती ताट घेऊन ओट्यावर येणार.

त्या वर्षी नवरात्रात मला गाडीचा आवाज वेगळा वाटला. मी प्राथमिक शाळेत शिकवते. फळ्याकडे तोंड करून उभी असताना मागे कोण कुजबुजलं हे ओळखायची सवय कानाला लागलेली. सकाळी त्यांनी गाडी सुरू केली की पुढच्या बाजूनं खळखळ यायची, डब्यात सुटी चिल्लर हलवल्यासारखी.

"बाबा, पुढे काहीतरी वाजतंय."

"कुठं? काही नाही," ते म्हणाले. पण लगेच त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनाच्या पुढच्या झाकणावर तळहात टेकवला आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच उभे राहिले. "साखळी सैल झालीये," ते शेवटी म्हणाले. "बदलावी लागंल."

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा नवरा पुण्याला नोकरीच्या ठिकाणी होता. बाबांना गुडघे वाकवता येत नव्हते, त्यामुळे दुसरे हात लागणार होते.

"आणि चकल्या कोण तळणार?" सासूबाईंनी विचारलं.

"तू तळ. हिचे हात मला पाहिजेत."

मग चार दिवस मी जुना गाऊन घालून दारात बसले. रेडिएटर उतरवला, पुली काढली, झाकण काढलं. आत एक लहान आणि एक मोठं दातेरी चाक होतं आणि त्या दोघांवरून सायकलसारखी साखळी गेलेली. बाबा स्टुलावर बसून सांगायचे. लहान चाक पिस्टन फिरवतात त्या दांड्याचं, मोठं कॅमशाफ्टचं. लहान दोनदा फिरतं तेव्हा मोठं एकदा. कॅमशाफ्ट व्हॉल्व्हची दारं उघडतो. एका दारानं पेट्रोल-हवा आत, दुसऱ्यानं धूर बाहेर.

"दार चुकीच्या वेळी उघडलं तर?" मी विचारलं.

"तर घरात कोण आलं आणि कोण गेलं, काही पत्ता लागत नाही."

दोन्ही चाकांवर एकेक ठिपका होता. ते ठिपके समोरासमोर आले की टायमिंग बरोबर. नवी साखळी मी हातात धरून ठेवली आणि त्यांनी ती चाकांसकट बसवली. स्टुलावरून वाकून ठिपके बघितले, चष्मा पुसला, परत बघितले. "जुळले," म्हणाले. झाकण लागलं, सगळं परत चढलं.

गाडी सुरू व्हायला फार वेळ लागला, आणि झाली ती खोकतच. बाबांनी डिस्ट्रिब्युटरला हात घातला. ठिणगी कधी पडायची ते या डबीच्या फिरण्यावर ठरतं. त्यांनी ती इकडे फिरवली, तिकडे फिरवली. संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला उभ्या उभ्या ऐकू येत होतं की ठिणगीपेक्षा दुखणं आतलं आहे. इंजिन ठरावीक ठोक्यांनी वरून, पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बुरेटरच्या तोंडातून, उलटं फुसकत होतं.

"बाबा, ते वरून फुसकतंय. ठिणगीचं नसेल."

"नाय फुसकत."

"अहो, आत्तासुद्धा..."

"तुला काय कळतं त्यातलं?"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मी पान्हा खाली ठेवला आणि आत गेले. सासूबाई कढईसमोर होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "त्यांना ऐकू येत नाही गं."

"म्हणजे?"

"दोन वर्षं झाली. डॉक्टरनं मशीन लावायला सांगितलंय, तो कागद कपाटात गाद्यांखाली आहे. मला शपथ घातलीये कुणाला सांगायचं नाही म्हणून. म्हणाले, इंजिन जोडणाऱ्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर माझं राहिलं काय?"

मला एकेक आठवत गेलं. बातम्या लागल्या की ते खालची पट्टी वाचत बसायचे. मी पाठमोरी बोलले की "हूं" म्हणायचे आणि दुसरंच काही आणून द्यायचे. बाजारातून मेथी सांगितली तर शेपू. आम्ही त्याला विसराळूपणा म्हणत हसायचो. मी सगळ्यांत जास्त हसायचे.

सकाळी मी चहा घेऊन बाहेर गेले. ते रुसल्यासारखे गाडीकडे बघत बसले होते. मी मुद्दाम समोर, त्यांना माझा चेहरा दिसेल अशी उभी राहिले आणि सावकाश म्हणाले, "बाबा, कार्बुरेटरमधून उलटी फुसफुस येतेय. मला स्पष्ट ऐकू येतंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे.

"तिनं सांगितलं?"

"हो."

त्यांनी चहा संपवला, कप स्टुलाखाली ठेवला, हात पुसले. "ठोक्याला ठोका येतोय, का मधेच कधी तरी?"

"ठरावीक येतोय. तालात."

"मग ठिणगी नाही. दार चुकलंय." ते उठले. "उघडू या परत."

पुन्हा रेडिएटर, पुन्हा पुली. झाकण निघालं तेव्हा ते म्हणाले, "तू खाली बस. चाकांच्या नेमकी समोर. मी फिरवतो, तू ठिपके बघ."

मी फरशीवर मांडी घालून बसले. खालचा ठिपका वर आला, वरचा खाली आला, आणि दोघं एकमेकांना चुकवून उभे राहिले. मधे फरक होता एका दाताचा.

"एक दात पुढे आहे, बाबा."

"नक्की?"

"तुम्ही बघा."

भिंतीला धरून, कण्हत ते खाली बसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी समोरून बघितलं. खूप वेळ बघितलं. "स्टुलावरून तिरकं दिसलं मला," ते म्हणाले, आणि चुकलेल्या दातावर बोट ठेवून, "हजारो इंजिनं जोडली असतील मी. एक दात."

मी म्हणाले, "आमच्या शाळेत मीपण कितीदा फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिते."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. "किती असतात?"

"छप्पन्न."

ते हसायला लागले. हसता हसता खोकले, मग मीही हसायला लागले. आतून सासूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तर बाबांना ते ऐकू गेलं नाही आणि मला हसू आवरून सांगता येईना.

साखळी नीट बसली. मग ठिणगीची पाळी. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून त्यांनी मला भोकावर अंगठा ठेवायला लावला. इंजिन हातानं फिरवताना आतली हवा अंगठ्याला ढकलायला लागली की समजायचं, पिस्टन वर येतोय. पण ठिणगी तो अगदी वर पोचल्यावर पाडायची नाही, जरा आधी.

"आधी का?"

"पाहुणा दारात आल्यावर चहा टाकला तर तो ताटकळतो. कोपऱ्यावर दिसला की टाकायचा. पेट घ्यायला वेळ लागतो ना."

डिस्ट्रिब्युटरला त्यांनी एक छोटा बल्ब जोडला. डबी मी फिरवायची. बल्ब पेटला त्या क्षणी थांबायचं आणि बोल्ट आवळायचा. तीन वेळा पुढे गेले, चौथ्यांदा जमलं.

"हे झालं डोळ्याचं," ते म्हणाले. "आता कानाचं. ते तू करायचं."

त्यांनी लांब पेचकस दिला. टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायची. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पेचकसातून मला आतलं सगळं ऐकू आलं. व्हॉल्व्हची बारीक टिकटिक शिलाईमशीनसारखी एकसारखी चालली होती. तिच्याखाली एक जाड, शांत घरघर. खळखळ नव्हती, फुसफुस नव्हती. बाबांनी इंजिनावर तळहात ठेवला होता आणि डोळे माझ्या तोंडावर. मन भरून आलं की ते सटाण्याकडची, बागलाणची बोली बोलायचे, एरवी नाही.

"आते बराबर शे का?" त्यांनी विचारलं.

"शे," मी म्हणाले.

भाऊबीजेला पुण्याहून आलेल्या माझ्या नवऱ्याला ओवाळायला नणंद येणार म्हणून तो आणि सासूबाई घरी थांबले. आम्ही दोघंच निघालो. ते चालवत होते. पिंपळगावपर्यंत गाडी अशी पळाली की ते स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होते. देवळ्याच्या अलीकडे घाट लागला आणि चढावर मला बारीक टिणटिण ऐकू आली, पत्र्यावर वाळूचे खडे पडावेत तशी. पूर्वी मी बसल्या जागेवरून नुसतं बोलले असते. आता त्यांच्या बाहीला हात लावला, बोटांनी हवेत टिचक्या मारून दाखवल्या.

"खडे?"

मी मान हलवली.

"ठिणगी लवकर पडतीये. चढावरच कळतं ते." त्यांनी गाडी कडेला घेतली. कांद्याचे टेम्पो धूळ उडवत जात होते. मी पान्हा घेऊन बॉनेटखाली वाकले, बोल्ट सैल केला, त्यांनी दोन बोटांनी दाखवलं तेवढी, केसभर, डबी वळवली आणि परत आवळला. चढ पुन्हा चढलो. मी कान देऊन बसले होते. ते रस्त्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होते.

"पुढे बघा, बाबा! काही वाजत नाहीये."

सटाण्याला त्यांची बहीण, आमच्या आत्याबाई, ताट घेऊन ओट्यावर आल्या. ओवाळताना त्या हळू आवाजात काही तरी बोलल्या. बाबांनी ठरलेलं "हूं" केलं. आत्याबाईंनी निरांजन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"याले ऐकू येस नही. माले माहीत शे. तुमले माहीत शे का?"

"आहे," मी म्हणाले.

"मग मशीन काबरं लाया नही?"

मी बाबांसमोर जाऊन तो प्रश्न पुन्हा सांगितला. भावानं बहिणीकडे बघितलं, बहिणीनं भावाकडे. ओवाळणीचं पाकीट त्यांनी पुढे केलं तर तिनं ते घेतलं नाही. "हाई नको माले. मशीन लाव. तीच मन्ही ओवायनी."

संक्रांतीच्या आधी मी त्यांना कॉलेज रोडवरच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या मुलीनं मशीन कॉम्प्युटरला जोडून आवाज कमी-जास्त करायला घेतला, तर हे तिला म्हणाले, "घाई नको, केसाकेसानं वाढव." ती हसली, पण तिनं तसंच केलं.

घरी आलो. मी, रजेवर आलेला नवरा आणि सासूबाई सवयीनं तिघंही त्यांच्याशी एकदम मोठ्यानं बोलायला लागलो. ते दोन्ही हात कानांवर ठेवून सोफ्यावर बसले.

"अरे, तुम्ही सगळे एवढं ओरडता कशाला?"

आम्हाला हळू बोलायला शिकायला पुढचा महिना लागला.