भोपाळच्या क्वार्टरमधला संध्याकाळचा गारवा

"तुझी भुतं मोजायची यंत्रं घेऊन दोन दिवस ये," असा नितीनदादाचा भोपाळहून फोन आला, तेव्हा मी नाशिकजवळच्या एका शीतगृहात होतो. तापमान आणि ओल मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. सुट्टीच्या दिवशी आमचं मित्रांचं टोळकं तीच यंत्रं घेऊन झपाटलेले म्हणून गाजलेले बंगले तपासायला जातं. आजवर भूत एकही सापडलं नाही, वटवाघळं पुष्कळ. नातेवाइकांत या छंदाची इतकी टिंगल होते, की दादाला माझी गरज पडली याचंच मला अप्रूप वाटलं.

प्रकरण असं होतं. दादा एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर आहे आणि टाउनशिपमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्याची आई, म्हणजे माझी काकू, गुडघ्यांमुळे दिवाळीपासून जिना उतरलेली नाही. आता तळमजल्याचं, अंगण असलेलं क्वार्टर त्याला मिळत होतं. होकार आठवड्यात कळवायचा होता आणि वहिनी नको म्हणत होत्या. त्या घरात काकूची मैत्रीण, पाठक मावशी, वारली होती. नंतर आलेल्या कुटुंबाला संध्याकाळी बाहेरच्या खोलीत पायांना गार हात लागल्याचा भास व्हायचा. उन्हाळा संपायच्या आत त्यांनी बाडबिस्तरा हलवला.

मे महिन्यात भोपाळला कोणी फिरायला जात नाही, तुम्हीही जाऊ नका. जायचंच असेल तर रात्रीची गाडी धरा आणि टाउनशिपला जायचं असेल तर भोपाळ जंक्शनऐवजी राणी कमलापतीला उतरा. स्टेशनबाहेर शेव पेरलेले पोहे आणि गरम जलेबी खाल्ली. ऑटोवाला दोनशे म्हणाला, दीडशेत आला आणि वाटेत दोनदा माझी यंत्रांची पेटी बघून त्याने मी डॉक्टर आहे का म्हणून विचारलं. टाउनशिपच्या फाटकातून आत शिरलं की रस्ते एकदम रुंद होतात, दोन्हीकडे जुनी झाडं. उकाडा तोच असतो, पण डोळ्यांना बरं वाटतं.

काकू गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. "इथून मला पाठकबाईंचं अंगण दिसतं," ती म्हणाली. तिचं सगळं जग त्या कठड्याशी येऊन थांबलं होतं. मला वाईट वाटलं.

मी पेटी उघडली तशा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आधी आमचं घर मोजा. तिथलं काय वेगळं ते मग कळेल ना?"

आमच्या टोळक्यात हे कधी कोणाला सुचलं नव्हतं. मुकाट्याने सगळ्या खोल्या फिरलो. विजेचं क्षेत्र मोजणारं यंत्र देवघराशी जाताच ओरडायला लागलं. वहिनींचा चेहरा उतरला.

"देव आहेत तिथे, वाजणारच," काकू शांतपणे म्हणाली.

दादाने पलीकडच्या खोलीत जाऊन देवघराच्या भिंतीला टेकलेल्या फ्रिजची पिन काढली. यंत्र गप्प झालं. वहिनी इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

संध्याकाळी आम्ही तिघं पाठक मावशींच्या क्वार्टरमध्ये गेलो. रिकामी खोली भट्टीसारखी तापलेली. विजेचं यंत्र इथे गप्पच होतं. जमिनीलगत एक तापमापक ठेवला, एक कमरेच्या उंचीवर. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग वहिनींनी एकदम पाय मागे घेतला. मलाही घोट्याला गार लागलं. खालचा आकडा उतरायला लागला, ओलीचा चढायला लागला, वरचा जागचा हलेना. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला.

"मावशी असतील तर मला काही नाही," वहिनी हळूच म्हणाल्या. "पण दुसरंच कोणी असेल तर? तुमचं यंत्र सांगतं का, कोण आहे ते?"

"नाही," मी म्हणालो. यंत्राला एवढंच कळतं की गार कुठून येतंय. म्हणून तापमापक जमिनीवरून सरकवत गेलो आणि अंगणाकडच्या भिंतीतल्या कट्ट्याखाली थांबलो. फरशी धुतल्यावर पाणी बाहेर जायला तिथे भिंतीत भोक होतं. बाहेर पाणी पडल्याचा आवाज येत होता.

आम्ही अंगणात धावलो. शेजारच्या रझिया आपा भिंतीलगतच्या मोगऱ्याला बादलीने पाणी घालत होत्या. झुडपाच्या दाटीत भोक बाहेरून दिसतही नव्हतं. तापलेल्या मातीवर पाणी पडलं की ओला गारवा सरळ आत शिरायचा.

"मौसी कह गई थीं, मेरा मोगरा मत सूखने देना," आपा म्हणाल्या. "तो हम रोज शाम को डाल देते हैं, भैया. क्यों, कुछ गलत हुआ?"

"नहीं आपा," वहिनी म्हणाल्या. "कुछ गलत नहीं हुआ."

आत येऊन मी मोठ्या रुबाबात भोकात फडकं कोंबलं. थोड्या वेळात गारवा थांबला. वहिनींनी वाकून ते फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "राहू दे, भाऊजी. मावशींचंच आहे ते." दादाने तिथूनच होकार कळवला.

दुसऱ्या दिवशी जवाहर चौकात काकूसाठी रबरी तळाच्या चपला घेतल्या आणि गाडी पकडली. आमच्या टोळक्याला आता नियमच केलाय, आधी शेजारचं घर मोजायचं. ते अजून कुरकुरतात.

परवा वहिनींचा फोन आला. ते राहायला गेलेत, आणि मोगऱ्याला पाणी आता काकूच घालते, एका हाताने भिंत धरून.

"अजून भीती वाटते का?" मी विचारलं.

"संध्याकाळी पायाला गार लागलं की कळतं, आई अंगणात आहेत," वहिनी म्हणाल्या. "आता ज्या दिवशी नाही लागणार ना, त्या दिवसाची वाटते."