तीन हजारांत एक

काचवाल्याच्या थोरल्या बहिणीने डोळ्याचं ऑपरेशन रद्द करायचं ठरवलं, आणि कारण काय सांगितलं, तर आकाशातून दगड येतोय!

आता दगड यायचा होता हे खरं. बसएवढा एक लघुग्रह गुरुवारी पृथ्वीजवळून जाणार आणि तो आदळण्याची शक्यता तीन हजारांत एक, असं वर्तमानपत्रात आलं होतं. खाली बारीक अक्षरात हेही होतं, की आलाच तर तो बहुधा उंच हवेतच फुटेल आणि हादऱ्याने काही खिडक्यांच्या काचा जातील. पण बारीक अक्षर आक्काला दिसत नव्हतं. मोठं तेवढं तिने कागद नाकाला लावून वाचलं आणि तिला ते पुरलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख चार महिने थांबून मिळाली होती, तीही नेमकी गुरुवारची.

वडील गेले तेव्हा काचवाला चौदा वर्षांचा होता. काच कापायची हिरकणी त्याच्या हातात आक्कानेच दिली. पहिल्यांदा बोट कापलं तेव्हा आधी एक थोबाडीत ठेवून दिली आणि मग पट्टी बांधली, तीही तिनेच. तिच्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "आधी ह्याला सरळ रेघ मारता येऊ दे." त्याची रेघ सरळ येईतो हिचे केस पांढरे झाले. दुकानाचा नियम एकच. काच कापून, कडा घासून झाल्या की ती आक्कापुढे उभी करायची. ती उजेडाकडे धरून चरा, बुडबुडा, टवका बघायची आणि कोपऱ्यात खडूने टिंब काढायची. टिंब नसेल तर काच दुकानाबाहेर जायची नाही, मग गिऱ्हाईक दारात कितीही थयथयाट करो.

"डोळा नीट करून घ्यायचा आणि त्याच दिवशी डोक्यात धोंडा पाडून घ्यायचा? सांगितलंय कुणी!" बुधवारी सकाळी आक्काने जाहीर केलं.

"अगं, फार तर काचा फुटतील. आपला तर हंगामच!"

"मेल्या, जीभ झडेल तुझी. लोकांच्या खिडक्या जातायत आणि ह्याला हंगाम सुचतोय!"

काचवाल्याने हिरकणी खाली ठेवली. आक्काशी वाद घालायचा तर काचेवरूनच घालावा लागे. "मला सांग, तू बघितलेल्या काचांत खोट निघून परत किती आल्या?"

"तीन हजारांत एक आली असेल," आक्का ताठ बसत म्हणाली.

"त्या एकीच्या भीतीने आपण दुकान बंद ठेवलं का कधी?"

"माझ्या काचांचं वेगळं. त्या मी डोळ्यांनी बघितलेल्या असतात."

इथे त्याचा तोल गेला. "गेल्या महिन्यात चार परत आल्यात, आक्का."

हे तो जन्मात सांगणार नव्हता. चारही घरी गुपचूप जाऊन तो काच बदलून आला होता. तेव्हापासून आक्का जेवायला आत गेली, की टिंब काढलेली प्रत्येक काच तो पुन्हा बघत होता. बोलल्या बोलल्या त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आक्काने हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "मला दिसत नाही हे काय मला ठाऊक नाही? नखाने वाजवून आवाजावर टिंब काढत होते मी. ऑपरेशन करूनही नाहीच दिसलं, तर ह्या दुकानात माझं काय काम रे?"

"काम कसलं घेऊन बसलीस? काचा काय, कोणीही बघेल."

"कोणीही?" आक्का कडाडली. "चाळीस वर्षं मी केलं ते कोणीही करेल?"

"बरं बाई, कोणीच नाही करणार. म्हणून तर डोळा हवाय तुझा."

गुरुवारी दोघं वेळेआधी तासभर दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसली. दगड आपल्या वाटेने आला आणि गेला. दोघांनीही मान वर करून बघितलं नाही.

डॉक्टरीणबाई काचवाल्याला म्हणाल्या, "काळजी करू नका. हजारात एखादंच बिघडतं."

काचवाल्याने त्यातलं 'एखादंच' तेवढं ऐकलं. तीन हजारांतल्या एकाला काल तो हसला होता. पण त्या 'एखाद्या'च्या जागी आक्काला बसवून पाहिल्यावर हजार हा आकडा त्याला बोटांवर मोजण्याएवढा वाटायला लागला. तो हळूच म्हणाला, "आक्का, पुढची एखादी तारीख घेऊ या का?"

"अरे वा! काल मला शहाणपण शिकवत होतास ना?"

"तो दगड होता गं. ही तू आहेस. मला भीती वाटते."

आक्काने हात पुढे केला. चाचपडत तिला त्याचा गाल सापडला. तो ओला होता.

"मलाही वाटते रे," ती म्हणाली. "पण उद्या पट्टी सोडतील तेव्हा मला पहिलं हेच तोंड बघायचंय. जा, धुऊन ये." आणि नर्सचा हात धरून ती आत गेली.