साडेचौऱ्याऐंशी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, लिंबागणेशच्या पुढच्या एका वस्तीवरची पाच हजार लिटरची टाकी सकाळी सव्वाआठला भरली आणि साडेअकराला रिकामी झाली. कागदावर ते पाणी वस्तीला दिवसभर पुरणारं होतं. रांग संपली नव्हती. चौऱ्याऐंशी माणसांच्या वाट्याचं पाणी द्यायचं राहिलं होतं.

बाराच्या सुमारास टँकरचा ड्रायव्हर लतीफभाई याचा फोन आला. दुसऱ्या वस्तीवर खेप टाकून तो परत येत होता.

"सर, गाडी आडवली."

"कुणी?"

"बायांनी. चावीबी काढून घेतली. म्हणायल्यात, आमचं पाणी कुटं सांडलं ते सांग."

"टाकी पूर्ण भरली होती ना?"

"काठोकाठ. फोटो हाय मोबाइलात. आता आत वाकून बगितलं तर बूड दिसायलं. मी काय समुद्र आणू का सर?"

मागून एका बाईचा आवाज आला, "समुद्र नको म्हणावं, खारा आस्तो. विहिरीचंच आन."

मी तेव्हा एका मदत संस्थेत पाणीवाटपाचा समन्वयक होतो. त्याआधीची बारा वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली होती. संस्थेचं फील्ड ऑफिस मांजरसुंब्याच्या चौकात, एका ढाब्याच्या वरच्या मजल्यावर होतं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. जिथे सरकारी टँकर पोचत नव्हता किंवा मंजुरीत अडकला होता, अशा बारा वस्त्यांना आम्ही पाणी देत होतो. नेकनूरजवळच्या एका विहिरीवर टँकर भरायचा आणि वस्तीवरच्या टाकीत ओतायचा. एका फेरीला खेप म्हणतात. माणशी दिवसाला वीस लिटर, हे माप. जनावरं चारा छावणीत होती, त्यांचं पाणी तिथे. आमच्या हिशेबात फक्त माणसं.

वस्तीवर टाकीची चावी एका बाईकडे असायची. या वस्तीवर ती कौसाबाईंकडे होती. वय पंचावन्नच्या आसपास, शिक्षण चौथी, वीस हंगाम ऊस तोडलेला. त्या रांगेत भांडी मोजत नसत, माणसं मोजत. दहा लिटरची एक स्टीलची कळशी मापाला ठेवली होती. माणशी दोन कळशा. घरात सहा माणसं तर बारा. तेरावी मागितली तर त्या फक्त वही दाखवायच्या.

या भागातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कारखाने बंद झाले की मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे वस्तीची लोकसंख्या जानेवारीत एक असते आणि एप्रिलमध्ये दुसरी. हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून जानेवारीतच प्रत्येक वस्तीकडून एक फॉर्म भरून घेतला होता. त्यात तीन रकाने: सध्या वस्तीवर असलेले, स्थलांतरित, स्थलांतरितांसोबत गेलेली मुले. फॉर्म मी तयार केला होता.

या वस्तीचे आकडे असे होते. वस्तीवर एकशे दहा. स्थलांतरित चौऱ्याऐंशी. मुलं छप्पन्न. बेरीज अडीचशे. अडीचशे गुणिले वीस म्हणजे पाच हजार लिटर. एक खेप. इतकं नेमकं गणित फार कमी ठिकाणी जुळलं होतं. रविवारी आणि सोमवारी ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. मंगळवारी टाकी आटली.

मी पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. जादा खेपेची मंजुरी तिथून मिळायची. आमच्या प्रोग्राम मॅनेजर शांत बोलायच्या. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं.

"लिस्ट फुगवली असणार," त्या म्हणाल्या.

"फॉर्मवर अडीचशेच आहेत, मॅडम. फॉर्मपेक्षा जास्त माणसं रांगेत आहेत."

"तेच म्हणतेय. टँकर लागला की आजूबाजूचे येऊन राहतात. मागच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात हेच झालं. तिथल्या बाई कोण?"

"कौसाबाई."

"त्यांनी नातेवाईक घातले असतील. व्हेरिफाय करा. घरोघर. तोपर्यंत जादा खेप नाही. आणि लिस्ट खोटी निघाली तर चावी दुसऱ्या कुणाकडे द्या."

"व्हेरिफिकेशनला वेळ लागेल. उद्या सकाळी पुन्हा चौऱ्याऐंशी जण कोरडे राहतील."

"म्हणून उद्याच करा."

मॅडमचं म्हणणं मी लतीफभाईला फोनवर सांगितलं. गाडीची चावी त्याला दीड वाजता परत मिळाली.

बुधवारी सकाळी आठला मी वस्तीवर पोचलो. टाकी भरत होती. रांग लागली होती आणि रांगेत दोन तट पडले होते. आधीपासून वस्तीवर असलेले एकीकडे, ऊसतोडीहून आलेले दुसरीकडे.

"आमी चार महिने हितंच हावोत. आमचं आदी," एक म्हातारा म्हणाला.

"आन् आमी काय पाव्हणे हावोत का बे?" मागच्या एकाने विचारलं. "घर तुज्या बापाच्या आदीपासून हाय हितं आमचं."

"बाप काढू नको."

"तू आदी काढला का मी?"

कौसाबाई टाकीच्या चबुतऱ्यावर उभ्या होत्या. कमरेला चावी, हातात वही. त्यांनी दोघांकडेही बघितलं नाही.

"आज माणशी दीड," त्या म्हणाल्या. "समद्यायला."

गलका झाला. रांगेतली एक सून ओरडली, "काल ज्यायनी दोन नेल्या त्यायला आज एकच द्या की मंग."

"काल नेल्या त्या त्यायनी पेल्या, पोरी. आता त्यायच्या पोटातून काढू का?"

काहीजण हसले. रांग पुढे सरकली. अर्धी कळशी मोजायला त्यांनी कळशीच्या आत कोळशाने रेघ मारली होती. टाकीतलं पाणी जेमतेम पुरलं. शेवटच्या घराला टाकी तिरकी करून तळचं गाळून द्यावं लागलं. पण कोणी कोरडं गेलं नाही.

एका माणसाने मला बाजूला घेतलं. "सायेब, हिचंच कायतरी हाय. चावी हिच्याकडं, वही हिच्याकडं. पाणी जातंय कुटं?"

हे त्याने हळू सांगितलं नव्हतं. कौसाबाईंना ऐकू गेलं होतं. त्या मोजत राहिल्या.

मी मोजणीला लागलो. घर, कुटुंबप्रमुख, हजर माणसं, शिधापत्रिका. पाहुणा कोण, हे शोधायचं होतं. दुपारी तीनपर्यंत सगळी घरं झाली. हजर माणसं तीनशे चौतीस. प्रत्येकाचं नाव याच वस्तीवरच्या कुठल्या ना कुठल्या शिधापत्रिकेवर होतं. बाहेरचा एकही नव्हता.

तीनशे चौतीस वजा अडीचशे म्हणजे चौऱ्याऐंशी. फॉर्मवर स्थलांतरितांच्या रकान्यात आकडा होता तोही चौऱ्याऐंशी. एकच आकडा दोनदा आला की डेस्कवर आम्ही आधी टायपिंगची चूक शोधायचो. मी मांजरसुंब्याच्या ऑफिसला फोन केला. डेटा एंट्री करणाऱ्या वर्षाताईंना मूळ फॉर्मचा फोटो पाठवायला सांगितला.

फोटो आला. अक्षर कौसाबाईंचं होतं, गोल आणि मोठं. एकशे दहा. छप्पन्न. आणि मधल्या रकान्यात: ८४॥.

"ताई, हे पुढे काय आहे?" मी विचारलं.

"दोन रेघा आहेत, सर. श्लोकाच्या शेवटी देतात तशा. मला वाटलं, त्यांना सवय असेल. सोडून दिल्या."

"बाकीच्या दोन आकड्यांपुढे नाहीत."

"नाहीत," वर्षाताई म्हणाल्या. आणि मग, "अरे देवा."

आकड्यापुढे दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा. जुन्या वह्यांत साडेचार किंवा साडेतीस असंच लिहीत. फॉर्मवर साडेचौऱ्याऐंशी लिहिलं होतं. माणसांची संख्या साडेचौऱ्याऐंशी होऊ शकत नाही.

मी कौसाबाईंच्या घरी गेलो. त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या. मोबाइलवरचा फोटो दाखवला.

"मावशी, हा आकडा तुमचा?"

"माजाच हाय."

"किती आहे?"

"साडेचौऱ्यांशी. वाचता येत न्हाई का तुमाला?"

"साडेचौऱ्याऐंशी काय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हंजी? कोयते."

ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे एक जोडपं: नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते. कामावर घेताना दोघांचं मिळून एकच नाव लागतं. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. हा शब्द मला नवीन नव्हता. वर्तमानपत्रात असताना ऊसतोडीच्या बातम्यांत तो मी अनेकदा तपासला होता. माझ्या फॉर्मवर मात्र रकान्याचं नाव होतं 'स्थलांतरित (संख्या)'. संख्या कशाची, ते लिहिलेलं नव्हतं.

"मी माणसं विचारली होती," मी म्हणालो.

"न्हाई. तुमी इचारलं, किती गेलेत. मी म्हनलं, साडेचौऱ्यांशी. हितं कुनालाबी इचारा, गेलेत किती, तर कोयतेच सांगंल. माणसं कोन मोजतंय?"

"मुलं वेगळी लिहिलीत."

"पोरं कोयत्यात धरत न्हाईत." त्यांनी खडा काढून बाजूला टाकला. "आन् काल तुमच्या मॅडम काय म्हनल्या? लतीफ सांगत होता. मी पाव्हणे घातलेत म्हणं."

मी म्हणालो, "हो. तसं म्हणाल्या."

"आन् तुमी मोजाया आलात."

"हो."

"किती भरले?"

"तीनशे चौतीस."

"एक कमी हाय," त्या म्हणाल्या.

हिशेब बरोबर होता. साडेचौऱ्याऐंशी कोयते म्हणजे एकशे एकोणसत्तर माणसं. मुलं आणि वस्तीवरचे धरून तीनशे पस्तीस. मोजणीत तीनशे चौतीस होते.

"तो अर्धा कोयता कोण?"

"माजा ल्योक. विठ्ठल." त्यांनी आतल्या खोलीकडे मान केली. तिथे सून बाळाला थोपटत होती. "ही बाळंत होती तवा एकलाच गेला, दुसऱ्या टोळीसंगं. त्यायचा कारखाना अजून चालू हाय म्हणं."

"मंगळवारी तुम्ही घरात किती कळशा घेतल्या?"

"सा. मी, सून, बाळ. बाळालाबी दोन लागत्यात, धुण्याला."

"विठ्ठलच्या?"

"आला न्हाई त्याचं पाणी कावून घ्यावं?"

साडेचारला मी पुण्याला फोन केला. फॉर्मचा फोटो, मोजणीची यादी आणि कोयत्याचा अर्थ एवढं आधी पाठवलं होतं.

"मी वाचलं," मॅडम म्हणाल्या. "यादीत तीनशे पस्तीस होतात. तुमची मोजणी तीनशे चौतीस."

"एक माणूस अजून परतलेला नाही."

"मग हजर आहेत तेवढेच धरा. सिस्टिममध्ये तीनशे चौतीस टाकते." टायपिंगचा आवाज आला. "मोठा टँकर रिकामा नाही. ट्रॅक्टरचा दोन हजारांचा चालेल? रोज दुपारी."

"चालेल. सहा हजार सहाशे ऐंशी लागतात. सात हजार होतील."

"ठीक. आणि त्या बाईंना... चावी त्यांच्याकडेच राहू द्या."

"बाकीच्या अकरा वस्त्यांचे फॉर्म पुन्हा बघावे लागतील."

"किती चुकले असतील?"

"मोजल्याशिवाय सांगता येणार नाही."

त्या संध्याकाळी वर्षाताई आणि मी अकराही वस्त्यांना फोन केले. एकच प्रश्न विचारला: जानेवारीत लिहिलेले ते कोयते की माणसं? सात ठिकाणी कोयते होते. चार ठिकाणी फॉर्म शाळेच्या गुरुजींनी भरला होता, तिथे माणसं होती. सातपैकी पाच वस्त्यांच्या टोळ्या अजून परतायच्या होत्या. तिथल्या खेपा त्या यायच्या आत वाढवल्या. उरलेल्या दोन वस्त्यांवर माणसं आदल्याच दिवशी आली होती आणि पाणी अपुरं पडायला लागलं होतं. त्यांना शुक्रवारपासून जादा पाणी गेलं.

गुरुवारी दुपारी दोन वाजता ट्रॅक्टरचा टँकर वस्तीवर पोचला. बुधवारी माझ्याशी बोललेला तो माणूस रांगेत होता. त्याच्या घरात पाच माणसं. कौसाबाईंनी त्याला दहा कळशा मोजून दिल्या. त्याने अकरावी पुढे केली. त्यांनी वही दाखवली.

शनिवारी मी नवीन फॉर्म घेऊन गेलो. त्यात मधल्या रकान्याचं नाव बदललं होतं: 'ऊसतोडीहून परतलेली माणसे (कोयते नव्हेत)'. कौसाबाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि खाली १६८ लिहिलं. सही करायला त्यांनी सुनेकडून चष्मा मागवला.

सही व्हायच्या आत अडीचची एसटी फाट्यावर थांबली. डोक्यावर वळकटी घेतलेला एक माणूस उतरून वस्तीकडे चालत आला. सून बाळ घेऊन दारात आली. कौसाबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं, म्हणाल्या, "वाळलास लई," आणि फॉर्म पुन्हा पुढे ओढला. १६८ वर आडवी रेघ मारली. शेजारी १६९ लिहिलं. सही केली.

मग कमरेची चावी काढून टाकीकडे गेल्या आणि दोन कळशा भरून आणल्या.