फोटो आधी ज्याचा त्याला

महादेवी अक्का बोलायला लागल्या की चालायला लागत. घरात, बँकेच्या रांगेत, कुणाच्या तेराव्याला गेल्या तरी तेच. समोरच्याने मान इकडून तिकडे फिरवत त्यांचे ऐकायचे. हातात चहाचा कप दिला तर तो घेऊनच दारापर्यंत जायच्या, परत यायच्या, आणि अर्धा चहा तसाच ठेवून म्हणायच्या, "नडी, उजेड चाललाय." नडी म्हणजे कानडीत चल. अक्कांचे माहेर अक्कलकोटच्या पलीकडचे, घरात कानडी, शाळा मराठी. घाईत असल्या की कानडी आधी यायची, आणि त्या कायम घाईत असायच्या.

मी सोलापूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. अक्का पहिल्यांदा भेटल्या त्या आमच्या स्टाफरूममध्ये. खांद्याला कॅमेरा, हातात फोटोंनी फुगलेली कापडी पिशवी, वय पन्नाशीच्या आसपास. शिपायाने खुर्ची पुढे केली, तिच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. टेबलांच्या मधून फिरत त्यांनी विचारले, मराठी शिकवणारे कोण आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितले.

"फोटो माझ्याकडं हायत," त्या म्हणाल्या. "पर माणसं काय बोलली त्ये ध्यानात ऱ्हात न्हाय. मी बघत असते, ऐकायचं ऱ्हाऊन जातंय. तू ऐकायला येशील का?"

कुठे यायचे, काय ऐकायचे, मी विचारत होते तोवर त्या जिना उतरायला लागल्या होत्या. मी पर्स घेऊन मागे धावले. पुढची सहा-सात वर्षे मी अशीच त्यांच्या मागे धावत होते.

अक्कांनी फोटोचे काम सुरू केले ते शुक्रवार पेठेतल्या एका लहानशा स्टुडिओत. लग्न होऊन त्या पेठेत आल्या, यजमान मल्लिकार्जुन अण्णा एका पतसंस्थेत कारकून. घरात बसवेना म्हणून त्या समोरच्या स्टुडिओत मदतीला जाऊ लागल्या. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या ओळखपत्राचे फोटो. माणसे यायची, केस विंचरायची, स्टुलावर बसायची आणि श्वास धरायची. "समदी श्वास धरून बसलेली," अक्का सांगायच्या. "मला वाटाय लागलं, ही माणसं श्वास घेताना कशी दिसत असतील? म्हणून बाहेर पडले, बघाय." त्या बाहेर पडल्या त्या पुन्हा आत आल्याच नाहीत. अण्णा हसून म्हणायचे, ही आमच्याकडे पाहुण्यासारखी येते, जेवण चांगले झाले तर राहते. पण अक्कांचा डबा सकाळी तेच भरायचे आणि स्कूटीच्या हुकला अडकवून द्यायचे.

आमचे जाणे बहुतेक अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. टॉवेल आणि चादरींचे कारखाने. पहिल्या दिवशी मागांच्या आवाजाने माझे डोकेच चालेना. शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नव्हते आणि अक्का मला तिथे ऐकायला घेऊन आल्या होत्या. मग लक्षात आले की तिथली माणसे हातांनी बोलतात. दोन बोटे वर केली की चहा, छातीवर थाप मारली की मुकादम येतोय. अक्कांना ही भाषा येत होती. त्या मागांच्या रांगांमधून फिरत राहायच्या, कॅमेरा कधी डोळ्याला लागला आणि कधी खाली आला ते कळायचे नाही. माझी पाळी दुपारच्या सुट्टीत. बाहेर लिंबाखाली डबे उघडले की मी बसून ऐकायची, अक्का आमच्याभोवती फेऱ्या मारायच्या. तेलुगू घरांतल्या बायका, अक्कलकोटकडची कानडी माणसे, माग दुरुस्त करणारे उर्दू भाषक जोडारी, सगळे त्यांना अक्काच म्हणत. कानडीत अक्का, तेलुगूत अक्का, मराठीतही चालते.

त्यांचा एक नियम होता आणि तो त्या कडकपणे पाळायच्या. काढलेला फोटो आधी त्या माणसाला न्यायचा. त्याने तो हातात धरून बघायचा. नको म्हणाला तर फोटो गेला, कितीही चांगला असो. "फोटो आदी ज्याचा त्याला. मग जगाला," हे त्यांचे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की नंतर नंतर त्या 'फोटो' म्हणाल्या की पुढचे माझ्याच तोंडात यायचे.

एकदा एका विणकराने आपला फोटो त्यांच्यासमोर फाडला. बनियनला भोक दिसत होते. दुसऱ्या दिवशी तो लग्नातला शर्ट घालून मागासमोर ताठ उभा राहिला, आता काढा म्हणाला. मला वाटले अक्का चिडतील, कारण फाटलेला फोटो फार सुरेख होता. त्यांनी मुकाट्याने तो ताठ माणूस टिपला आणि चांगल्या फोटोंच्या गठ्ठ्यात ठेवला. परत येताना स्कूटीवर मागून मी कुरकुरले, तर म्हणाल्या, "माणसाला कसं दिसावं वाटतंय, त्येबी खरंच असतंय की."

बाकी त्यांच्याबरोबर काम करणे सोपे नव्हते. मी सावकाश लिहिते याचा त्यांना राग यायचा. एका माणसाशी बोलणे अर्ध्यावर असताना त्यांना दुसरा आठवायचा. माग सोडून गेलेला कुणी आता करकंबच्या बाजारात टॉवेल विकायला बसतो एवढे कळले, तर पहाटे माझ्या दारात हॉर्न वाजायचा. मी लेक्चर आहे म्हणायची, त्या म्हणायच्या, पोरं न्हाय पळत, बाजार उठतोय. आणि मी जायची. कारण परत आल्यावर चारचौघांत सांगण्यासारखे माझ्याकडे जे काही असायचे, ते सगळे त्यांच्यामुळे असायचे.

नरसम्मा तिथेच एका कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची. साठीकडे झुकलेली, विणकरांच्या घरातली, तेलुगू आणि सोलापुरी मराठी दोन्ही सारख्याच वेगाने बोलणारी. नवरा लवकर गेला, दोन मुली तिने शिलाई मशिनवर वाढवल्या. अक्कांशी तिचे जमायचे कारण तीही स्वस्थ बसणारी नव्हती. हात चालू, तोंड चालू, मधूनच उठून दुसरीच्या मशिनचा धागा ओवून देणार.

एका उन्हाळ्यात दुपारी वीज गेली. माग एकदम थांबले. शेड तापून भट्टी झालेली, सगळे बाहेर पळाले. आम्ही आत गेलो तर टॉवेलांच्या ढिगावर नरसम्मा झोपली होती. गालाखाली एक हात, दुसऱ्या हातात चष्मा. केसांत सुताचे पांढरे कण. छताच्या एका पत्र्यातून उजेड येत होता, तो बरोबर तिच्या कपाळावर. अक्का जागच्या जागी थांबल्या. मी त्यांना इतक्या निश्चल कधी पाहिले नव्हते. मला बोट वर करून गप्प राहायला सांगितले, फोटो घेतला, आणि आम्ही पाऊल न वाजवता बाहेर आलो. दाराशी दोन बायका आत यायला निघाल्या होत्या, त्यांनाही अक्कांनी हातानेच परत फिरवले. थोड्या वेळाने वीज आली, माग सुरू झाले.

तो फोटो अक्कांच्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो होता. त्यांना ते कळले होते, मलाही कळले. त्याच सुमारास पुण्याच्या एका कलादालनातून विचारणा झाली. सोलापूरच्या कामगारांवर मोठे प्रदर्शन, अक्कांचे पहिलेच. फोटो लगेच पाठवा म्हणाले. नरसम्मा तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला तेलंगणात गेली होती. अक्का दोन दिवस फेऱ्या मारत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी न विचारता तो फोटो पाठवून दिला. ती न्हाय म्हणायची न्हाय, असे त्या मला म्हणाल्या. खरे तर स्वतःलाच सांगत होत्या.

कलादालनवाल्यांनी तोच फोटो निमंत्रणपत्रिकेवर घेतला. नरसम्मा परत आली त्या दिवशी अक्का मोठी प्रत घेऊन तिच्या घरी गेल्या. मी बरोबर होते. नरसम्माने हात पुसले, चष्मा लावला, बराच वेळ बघितले. मग फोटो पालथा करून चटईवर ठेवला.

"जलमभर जागी हाय मी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पहाटं उठायचं, सैपाक, कारखाना, पोरी. एक डाव डोळा लागला, आन् त्योच तुमी धरला व्हय? आता पुण्याची लोकं म्हणतील, सोलापूरच्या बाया कामावर झोपत्यात."

अक्कांनी फोटो उचलला आणि आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी मी सांगायला लागले की तिला नीट समजावता येईल, या फोटोत काय आहे ते मी बोलून बघते. "साकु," अक्का म्हणाल्या. पुरे. त्या दिवशी स्कूटी त्यांनी ढकलतच नेली, चालू केली नाही.

पुढचे काही दिवस वाईट गेले. कलादालनातल्या गृहस्थांचे फोन येत होते. ते भले होते, पण त्यांचे म्हणणे असे की या फोटोशिवाय प्रदर्शनाला चेहराच नाही, आणि पत्रिका छापून झाल्या आहेत. अण्णांनी मला फोन करून सांगितले की ही जेवत नाही, गच्चीवर नुसती फिरते. मी गेले तेव्हा अक्का पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या घालत होत्या. मी म्हटले, अक्का, अशी संधी परत नाही यायची. त्या थांबल्या नाहीत. चालता चालताच म्हणाल्या, "मला ठाव हाय. म्हणून तर पाठवला न विचारता. आशेपायी आंधळी झाले मी, बाई. डोळं असून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो मागे घेतला. कलादालनाने प्रदर्शन पुढे ढकलले, मग त्याचे काही बोलणे निघेनासे झाले. नरसम्माला यातले काही सांगायचे नाही अशी अक्कांची मला ताकीद होती. पण एमआयडीसीत काय लपते? महिन्याभराने आम्ही गेलो तर नरसम्माने अक्कांना हाताला धरून मशिनपाशी नेले आणि म्हणाली, आता जागी हाय, काढा. अक्कांनी काढले. शिवताना, हसताना, चष्मा पुसताना. आठवड्याने प्रती घेऊन गेल्या आणि तिच्या तोंडावर सांगितले, "एकबी चांगला न्हाय. ह्यात तू न्हाईसच." नरसम्मा इतकी हसली की शेजारच्या मशिनी थांबल्या. त्यानंतर त्या दोघींत पूर्वीपेक्षा जास्त जवळीक झाली.

मागच्या वर्षी अक्का आजारी पडल्या. रक्ताचा काहीतरी विकार, डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. दवाखान्यातही त्या पलंगावर टिकायच्या नाहीत. सलाइनचा स्टँड ढकलत वॉर्डभर फिरायच्या, झाडलोट करणाऱ्या बायकांशी कानडीत गप्पा मारायच्या. घरी आणल्यावर एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतले. संगणक उघडायला लावला, नरसम्माचा झोपलेला फोटो शोधायला सांगितला आणि म्हणाल्या, तो पुसून टाक. जिथे जिथे होता तिथून. माझा हात चालेना. त्यांनी तो बाजूला केला आणि बटण स्वतः दाबले. मग घरात उरलेली ती एक मोठी प्रत वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मला म्हणाल्या, "नडी."

मी त्यांना रिक्षाने नेले. नरसम्माच्या उंबऱ्यात उभे राहूनच त्यांनी ते भेंडोळे तिच्या हातात दिले. "ह्यो आता माझ्याकडं कुटंच न्हाय," त्या म्हणाल्या. "फाड न्हायतर ठेव. तुझा हाय." नरसम्माने ते उघडले नाही. आत जाऊन ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवले आणि चहा टाकला.

अक्का पावसाळ्याच्या शेवटी गेल्या. माती त्यांच्या माहेरच्या गावी दिली. एमआयडीसीतल्या बायका टेम्पो करून आल्या होत्या. नरसम्मा नव्हती, तिला ताप होता. म्हणून आठवड्याने मी तिच्या घरी गेले. सांगण्यासारखे काही नव्हते, तिला सगळे कळलेलेच होते. चहा झाला. मग ती उठली, ट्रंक उघडली आणि वर्तमानपत्र सोडून फोटो मांडीवर घेतला. कडांवर बोटांचे ठसे पडले होते, तो बऱ्याचदा बाहेर निघाला असावा.

मी विचारले, अजूनही राग आहे का. तिने नाही अशी मान हलवली. फोटोतल्या केसांवरून, त्या सुताच्या कणांवरून तिने बोट फिरवले.

"झोप लई गाढ लागली व्हती त्या दिवशी," ती म्हणाली. "जलमभर ज्यानं त्यानं मला उठिवलं. आईनं, सासूनं, पोरींनी, भोंग्यानं. अक्का हितं माझ्यापुढं उभ्या व्हत्या की." तिने वर्तमानपत्र जवळ ओढले. "त्यांनी उठिवलं न्हाय."