दार उघडल्यावरचा चेहरा

आपली आणि बायकोची पहिली भेट झाली तेव्हा भूकंप झाला होता, असं गुरुकिल्ली सांगतो. बायको म्हणते, नुसता पाण्याचा मग फेकला होता. माहेरच्या न्हाणीघरात ती अडकलेली, केसांना फेस, कडी जाम, आणि बाहेर वडील, दोन काका व अख्खा जिना सल्ले देत उभा. कुलपं दुरुस्त करणाऱ्या या तरुणाला बोलावलं. त्याने दार उघडलं मात्र, आतून तोफगोळ्यासारखा मग आला आणि कपाळावर बसला. टेंगूळ एवढं आलं, की त्याची सावली म्हणे समोरच्या इमारतीवर पडत होती. लग्न ठरायला तेवढं पुरलं.

तेव्हापासून तो लोकांची दारं उघडतोय. वस्तीत त्याचं खरं नाव कोणाला आठवत नाही. सगळ्यांचा तो गुरुकिल्लीच. किल्ली घरात विसरून दार ओढून घेणारी माणसं जगात आहेत तोवर त्याला मरण नाही.

एकदा पुतणीने बातमी आणली. "काका, एक माहितीपट निघतोय. लोकांनीच आपापल्या मोबाइलवर चित्रण करून पाठवायचं. दिवसातला सगळ्यात आनंदाचा क्षण! चांगली चांगली निवडून जोडणार. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे."

गुरुकिल्ली खुर्चीतून उठलाच. "अगं, तो क्षण तर मी रोज घडवतो! दार उघडल्यावर माणसाचा चेहरा कसा फुलतो, ते जगाला दिसू दे एकदा."

मग तो गिऱ्हाइकाला विचारून, मोबाइल छातीशी टांगून कामाला जाऊ लागला. आठवड्याने तिघं बघायला बसले. पाठ. पुढच्या चित्रणात पाठ. त्याच्या पुढच्यातही पाठच. दार उघडलं की मंडळी सुसाट आत पळत होती. कोणी गॅसकडे, कोणी बाळाकडे, एक गृहस्थ तर थेट संडासाकडे. इतकी वर्षं आपण आनंद वाटतोय आणि एकाचंही तोंड आपल्याकडे नाही! त्या रात्री गुरुकिल्ली जेवला नाही. म्हणजे तिसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

"अहो, सुतकी चेहरा काय करताय?" बायको म्हणाली. "बाहेर अडकलेला माणूस आत पळणारच. आत अडकलेला तोंड पुढे करून बाहेर येतो. मला विचारा!"

शेवटच्या दिवशी तिनेच स्वतःला न्हाणीघरात कोंडून घेतलं. मोबाइल समोरच्या फळीवर ठेवला. गुरुकिल्लीने दार उघडलं आणि तो बाजूला झाला. ती आली ती पावडर लावून, मान तिरकी करून, लग्नाच्या फोटोतल्यासारखी.

"आनंद कुठाय?"

"मग हे दात कशाला दाखवतेय?"

"परत आत जा."

दुसऱ्यांदा ती लिपस्टिक लावून आली. तिसऱ्यांदा मात्र कुलपातली स्प्रिंगच तुटली. गावभर तेल घालत हिंडणाऱ्याचं घरचं कुलूप कोरडं ठणठणीत होतं.

"अहो, नाटक पुरे. उघडा."

"उघडत नाहीये गं."

 आत हसण्याचा स्फोट झाला. तो ऐकून शेजारच्या वहिनी धावत आल्या. घामाघूम गुरुकिल्लीकडे बघून त्यांनी विचारलं, "भावजी, तुम्ही अडलात की कोणाला बोलावतात हो?"

आतलं हसू आणखी वाढलं. गुरुकिल्लीने दात-ओठ खात फटीत पट्टी सारली, वाकवली, शिव्या घातल्या आणि एकदाचं खटकन दार सुटलं. केस विस्कटलेले, लिपस्टिक गालापर्यंत गेलेली, हसून हसून डोळ्यांत पाणी, अशी बायको समोर उभी! असा चेहरा सांगून मिळत नाही. गुरुकिल्ली मोबाइल साफ विसरला आणि हात पसरून धावला.

पुतणीने चित्रण लावलं. पडदाभर काकांची पाठ, घामाचा मोठा डाग, आणि त्या पाठीवर काकूचे दोन हात. चेहरा कुठेच नाही.

गुरुकिल्लीने ते पुन्हा लावून बघितलं. मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "अस्सं! माझीही पाठच! इतका आनंद होतो होय लोकांना? पाठव, हेच पाठव!"

माहितीपटवाल्यांनी ते घेतलं. अख्खी इमारत थिएटरात बघायला गेली. पाठ दिसताच वहिनींनी शिट्टी मारली. माहितीपट एक आठवडा चालला. मग तिथे दुसरा सिनेमा लागला.