न निघालेलं बकल

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. साइटवर कोणी लिंबू-मिरची बांधली तर त्या लिंबाचं सरबत करून पिणारा मी माणूस...

मी अमरावतीचा, सोलर फिटर. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अकोल्याला कापसाच्या एका जिनिंगच्या शेडवर पॅनल बसवत होतो — मी आणि प्रवीण, माझा सात वर्षांपासूनचा जोडीदार. सेफ्टी बेल्ट दोघांत एकच. एकानं घालायचा, ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकायचा, काढायचा. मग दुसऱ्यानं घालून फोटो. झाली सेफ्टी. उन्हात बेल्ट घालून काम होत नाही, असं आम्हीच म्हणायचो.

त्या दिवशी दहाच्या सुमारास माझा फोटो झाला. प्रवीण म्हणाला, "आण इकडं. आज घालूनच जातो, त्या टोकाले फायबरच्या शीटा हायेत."

उजेडासाठी टिनांच्या मधे या शीटा टाकतात; माणसाचं वजन त्यांना पेलत नाही. वर रुई आणि धूळ बसली की टिन कुठलं, फायबर कुठलं, ओळखू येत नाही.

मी छातीवरचं बकल दाबलं. निघेना. रोज एका बोटानं निघणारं बकल! दोन्ही अंगठे लावले, पान्यानं ठोकलं... आतून कोणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. खोटं सांगत नाही.

"काहून बे, देतं का नाही?"

"निघूनच नाही राह्यलं."

"राहू दे मंग. दोन मिन्टाचं काम हाय," म्हणून तो गेला.

कडाड् आवाज आला. वळून पाहिलं तर छतावर मी एकटाच. धावता धावता हात छातीवर गेला — आणि बकल उघडलं. सहज, रोजच्यासारखं.

प्रवीण वाचला, पण कमरेखाली जीव नाही. बेल्ट नंतर सगळ्यांनी तपासला, मी स्वतः शंभरदा उघडून पाहिला. काही दोष नाही. प्रवीणला तो दिवसच आठवत नाही. मी सांगितलं तेवढंच त्याला माहीत.

गेल्या महिन्यात भेटायला गेलो. वहिनी चहा ठेवून आत गेल्या, तसा तो हळूच म्हणाला, "एक विचारू? तू बेल्ट दिला नसशील, तरी माह्या मनात काही नाही. फक्त खरं सांग."

"निघालाच नाही रे."

त्यानं माझ्यावरची नजर काढून कप पुढं सरकवला. मग म्हणाला, "चहा घे, थंडा होऊन राह्यला."

तेव्हापासून मला चैन नाही. कधी कधी वाटतं, 'हो, मीच दिला नाही' असं सांगून टाकावं. निदान ते तरी त्याला पटेल.